पन्हाळ्यावर उभा राहून पोरगा विचारतोय, किल्ला कुठंय?

रंकाळा_रिटर्न (धागाकर्ता)
मंडळी, जरा लाज वाटतीय पण विचारतोच. जन्म कोल्हापुरातला, पन्हाळ्याला आजवर शंभरेक चकरा झाल्या असतील. कॉलेजात असताना गाडीवरनं, लग्न झाल्यावर बायकोबरोबर, पाहुणे आले की पाहुण्यांबरोबर. गेल्या पावसाळ्यात नागपूरचा साडू आलेला, त्यालाही नेलं. धुकं दाखवलं, कणीस खाल्लं, झुणका-भाकरी हाणली, तबक बागेत फोटो काढले आणि निघालो. गाडीत बसताना त्याचा नऊ वर्षांचा पोरगा म्हणतोय, "काका, किल्ला कुठं आहे?" आता काय बोलू, तीन तास किल्ल्यावरच तर होतो की रे बाबा.

साडू गणपतीला परत येतोय आणि ह्या वेळी त्याचे वडील पण आहेत. वय ७६, गुडघे कुरकुरतात पण वाचन दांडगं. हाताशी एक दिवस. अंबरखाना, तीन दरवाजा, सज्जा कोठी ही यादी मला पण पाठ आहे, ती परत देऊ नका. बघायचं कसं ते सांगा.

तांबडा_पांढरा
आधी झुणका-भाकरी, मग किल्ला. उपाशीपोटी इतिहास पचत नाही.

पेठेतला_गडी
शंभर चकरा मारून किल्ला बघितला नाही म्हणतोस, तू एकटा न्हाईस भावा, निम्मं कोल्हापूर असंच आहे. मी बारावीपर्यंत सज्जा कोठी म्हणजे लॉजचं नाव समजत होतो. शप्पथ.

दगडोबा
पाहुण्यासारखा बघितला तर तो किल्ला दिसणारच नाही, कारण मध्ये एसटी स्टँड आहे, हॉटेलं आहेत, घरं आहेत. वेढ्यात सापडल्यासारखा बघा. मी माझ्या पुतण्यांना असाच दाखवला.

म्हणजे कसं, १६६० सालच्या मार्चात आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहरनं वेढा घातला आणि महाराज जुलैपर्यंत वर अडकले. चार महिने. आता तुम्ही वर आहात, खाली फौज बसलीय, तर पहिला प्रश्न कुठला? पाणी. दुसरा, खायला काय. तिसरा, बाहेर कुठनं पडायचं. तिन्हीची उत्तरं अजून दगडात उभी आहेत, त्याच क्रमानं जायचं.

पाण्यासाठी अंधार बाव. तीन दरवाजाच्या शेजारीच आहे, पण बाहेरनं बघून विहीर आहे हे कळतच नाही, इमारत वाटते, आणि तीच तर गंमत आहे. वेढा घालणारा पहिला डाव पाण्यावर टाकायचा, विष कालवायचा, म्हणून आदिलशाहीत विहिरीवर तीन मजली इमारतच चढवली. आत वळणाचा जिना, भिंतीत पहारेकऱ्यांना बसायला कोनाडे, तळाला पाणी आणि तटाबाहेर जायला चोरवाट. बाकीचा किल्ला पडला तरी ही एकटी विहीर काही दिवस भांडली असती.

मग धान्य, अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या. गंगा सगळ्यात मोठी, तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं. आत गेल्यावर लोक दारात उभं राहून सेल्फी काढतात, तुम्ही मान वर करा. सोळा खण आहेत, प्रत्येकावर घुमट आणि घुमटाला भोक. धान्य दारातनं आत न्यायचंच नाही, बाहेरच्या जिन्यानं छतावर चढायचं आणि वरनं ओतायचं. भात, वरी, नाचणी, म्हणजे आपल्याच डोंगरातलं पीक.

शेवटी बाहेर पडायची वाट, राजदिंडी. तिथं काही बोलू नका, पोरगाच विचारेल.

तांबडा_पांढरा
खंडी म्हणजे किती ओ? आमच्यात खंडीभर म्हणजे पोरांचा गोतावळा.

दगडोबा
वीस मण. आता मण किती ते विचारू नका, गावागणिक वेगळा होता, भांडण लागेल.

निवृत्त_मास्तर
दगडोबांची रीत आवडली. पण तिच्यात एक गोम आहे, गोष्ट १६५९ ला सुरू होते. अफझलखानाच्या वधानंतर अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा महाराजांकडे आला. त्याआधीची साडेचारशे वर्षं मात्र कुणी सांगत नाही. हा गड शिलाहार राजा दुसरा भोज याचा. ११९१-९२ च्या सुमारास त्याचा दरबार पन्हाळ्यावर भरत होता, तसा ताम्रपट साताऱ्यात मिळालेला आहे. पुढे देवगिरीच्या सिंघण यादवाने भोजाचं राज्य घेतलं, मग बहमनी आले. महमूद गवान १४६९ चा पावसाळा इथेच तळ टाकून होता (आपले लोक एका दिवसाच्या पावसात भजी खाऊन परत येतात, तो अख्खा पावसाळा राहिला). १४८९ पासून विजापूरकर, म्हणजे आदिलशाही. आज आपण जो तट, दरवाजे, कोठ्या बघतो त्यातलं बरंचसं काम त्यांचं. तुमच्या साडूच्या वडिलांना वाचन आहे म्हणता तर हे सांगा, त्यांना आवडेल.

पेठेतला_गडी
मास्तर, पण खरं सांगू का, लोकांना भोज नको असतोय. महाराज पाहिजे असतात.

भगवा_वारा
मास्तर म्हणजे महाराजांचा किल्ला आदिलशहानं बांधला असं म्हणायचंय का तुम्हाला? असल्या पोस्टनीच पोरांच्या डोक्यात भलतंच भरतंय.

निवृत्त_मास्तर
बांधला भोजाने, वाढवला आदिलशाहीने, जिंकला महाराजांनी. यात कमीपणा कुठे आला? रिकामा माळ घेतला असता तर पराक्रम मोठा ठरला असता का? आणि परत १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंद साठ माणसं घेऊन रात्री वर चढला आणि गड घेतला, तो एवढा बेलाग होता म्हणून तर आपण ते अजून सांगतो. साठ माणसांनी गोठा घेतला असता तर कोण सांगत बसलं असतं?

सासुरवाशीण_करवीर
भगवा_वारा दादा, तुम्ही तीन दरवाजात थांबून बघितलंय का कधी? त्याच दरवाजावर फारसी लेख आहेत, इब्राहिम आदिलशहाच्या काळातले, आणि त्याच दरवाजाच्या पट्टीवर गणपती आहे, तो मराठ्यांनी नंतर बसवला. लेख काही फोडून काढला नाही. माझ्या सासऱ्यांनी दाखवलं होतं, छत्रीच्या टोकानं, नाहीतर मी पण रील काढूनच पुढं गेले असते.

भगवा_वारा
गणपती माहीत नव्हता. बघतो पुढच्या वेळी. पण मास्तर, सुरुवात महाराजांपासनंच करायची, मी ठाम.

पायपीट
पन्हाळा म्हणजे किल्ला कमी आणि हिल स्टेशन जास्त. खरे भग्न किल्ले बघायचे तर रांगणा. पाटगावला मौनी महाराजांचा मठ बघायचा, मधाचं गाव आहे ते, येताना मध घ्यायचा, पुढं भटवाडीवरनं चालत. जंगल, ओढे, शेवटी कोकणाच्या काठावर गड आणि रांगणाई देवी. ना हॉटेल ना पार्किंग. नाहीतर भुदरगड, वर भैरवनाथ आणि केवढं मोठं तळं. भोजाचंच नाव तिथंही सांगतात.

दगडोबा
७६ वर्षांचा माणूस आणि कुरकुरते गुडघे म्हणतोय तो, आणि तुम्ही त्याला रांगण्याला पाठवताय. पाहुणे परत न्यायचेत की तिथंच ठेवायचेत?

पायपीट
बरं बरं. मग भुदरगड, गाडी बऱ्यापैकी वर जाते 😄

गडावरचा
मी पन्हाळ्यावरच राहतो, चौथी पिढी. शीर्षक वाचून आधी हसलो मग जरा लागलं. तुम्ही जिथं किल्ला कुठंय विचारता तिथं आमची घरं आहेत. आमची शाळा ताराराणींच्या वाड्यात भरायची. जाड भिंती, मे महिन्यात पण आत गार, पावसाळ्यात मात्र वर्गात धुकं शिरायचं आणि फळा दिसायचा नाही, मास्तर म्हणायचे ऐकून लिहा. आम्हाला काय माहीत राजधानीत बसून पाढे म्हणतोय ते. १७८२ ला कारभार कोल्हापूरला खाली गेला, त्याआधी करवीरचं राज्य इथनंच चालायचं.

आता जुलै २०२५ ला जागतिक वारसा यादीत आलो, बारा किल्ल्यांमधला एक, अकरा आपले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. ढोल वाजले, आनंद झाला, नाही कशाला म्हणू. पण त्या रात्री आमच्या गल्लीत पहिला प्रश्न हाच, आता घराचं काय? संरक्षित वास्तूपासनं १०० मीटरात बांधकामाला बंदी आणि पुढं आणखी २०० मीटर परवानगी लागते, हा कायदा आधीपासनंच आहे. संडासाचा पत्रा बदलायचा तरी कागद नाचवायला लागतात. तुम्ही येता चार तास आणि म्हणता किल्ल्यावर वस्ती कशाला. अहो किल्ल्यावर वस्ती होती म्हणून तर किल्ला होता.

सासुरवाशीण_करवीर
शेवटचं वाक्य एकदम पटलं. अंबरखाना तरी कुणासाठी भरायचे?

पेठेतला_गडी
गडावरचा दादा, राग मानू नका, पण पार्किंगवाल्यानं गेल्या महिन्यात माझ्याकडनं दोनदा पावती फाडली, एकदा नाक्यावर, एकदा आत. ते पण वारसाच का?

गडावरचा
दोन्ही पावत्या ठेवल्या असत्या तर मी स्वतः घेऊन गेलो असतो. तोंडी सांगून काय होत नाही.

सुटलेला_इंजिनेर
दरवाजांचा विषय निघालाय म्हणून सांगतो. आपण गाडीनं वर येतो तिथं चार दरवाजा होता, गडाचा मुख्य. तो इंग्रजांनी १८४४ ला पाडला. गडकऱ्यांनी, म्हणजे गडांवरच्या शिबंदीनं, बंड केलेलं, सामानगड आणि भुदरगडापासनं सुरुवात, मग पन्हाळ्यावर कर्नल ओव्हान्स नावाच्या साहेबाला धरून ठेवलेलं. १ डिसेंबरला तट फोडून आत शिरले. म्हणजे आपली गाडी आत येते ती पाडलेल्या दारातनं. निम्म्या लोकांना ते ठाऊकच नसतंय, कारण तिथं बघायला काही उरलंच नाही.

इंग्रज पन्हाळ्याला पहिल्यांदा तेव्हा आले नाहीत बरं का. १६६० च्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतनं रेव्हिंग्टन तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आलेला, आपलं निशाण फडकवून गोळे टाकले. महाराजांनी पुढच्या वर्षी राजापूरला जाऊन वखारीचा हिशोब चुकता केला. मग १७०१ ला औरंगजेबानं पन्हाळा वेढलेला तेव्हा इंग्लंडच्या राजाचा वकील, सर विल्यम नॉरिस, त्याला इथल्याच छावणीत येऊन भेटला. तोफा घेऊन आला, मग अर्ज घेऊन, मग सुरुंग घेऊन.

तांबडा_पांढरा
आणि आता इंग्लिश मिडियम घेऊन आलाय, दर महिन्याला फी.

निवृत्त_मास्तर
इंजिनेर, छान. आणखी एक जागा सुचवतो, रामचंद्रपंत अमात्यांची समाधी. दगडोबांनी पाणी, धान्य, वाट हा जो क्रम लावला तो या माणसाने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलाय. त्यांच्या आज्ञापत्र या ग्रंथात गडांवरचं सबंध प्रकरण आहे. आधी पाण्याची खात्री करा मग गड बांधा, एकाच दरवाजावर विसंबू नका, चोरदिंड्या ठेवा. आणि लिहिणारा घरात बसून लिहिणारा नव्हे, सगळे वेढे अंगावर घेतलेला कारभारी. पन्हाळ्यावरच विसावलाय. तिथे कुणी जात नाही. कवी मोरोपंतही १७२९ साली पन्हाळ्यावरच जन्मले, त्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे, वडील दमले तर तिथे बसवा.

पायपीट
राजदिंडीचा विषय आला म्हणून. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहीम दरवर्षी असते, मी तीनदा केलीय. राजदिंडीनं खाली उतरायचं, तुरकवाडी, म्हाळुंगे, मग मसाई पठार. पठारावर धुकं आलं की पाच फुटांवरचा माणूस दिसत नाही, पहिल्या वर्षी आम्ही अर्धा तास गोल फिरून परत आमच्याच बिस्किटाच्या पुड्यापाशी आलो. जांभ्याचा सपाट सडा, सगळीकडं सारखंच, खूण म्हणून धरायला झाड नाही. आम्ही दोन दिवसांत करतो, टॉर्च, रेनकोट, मध्ये गावात आमटी-भात. वेढ्यातनं निसटताना महाराजांचे मावळे एका रात्रीत गेले, पालखी खांद्यावर घेऊन. करपेवाडीच्या चिखलात माझा बूट राहिला तेव्हा हे खऱ्या अर्थानं कळलं.

पठाराच्या अंगाला पांडवदऱ्याची लेणी पण आहेत, बौद्ध लेणी. इकडं जोतिबाच्या बाजूला पोहाळ्याची. म्हणजे मास्तरांच्या भोजाच्या पण आधी ह्या डोंगरात माणसं राहत होती.

भगवा_वारा
मास्तर, आता भोजापासनं नाही, बुद्धापासनं सुरू करा 🙏

निवृत्त_मास्तर
भगवा_वारा, तुमची प्रगती बघून समाधान वाटलं.

सासुरवाशीण_करवीर
रंकाळा_रिटर्न, आता कामाचं. गुडघे दुखणारे सोबत आहेत ना, तर सकाळी नऊच्या आत वर पोचा, रविवार टाळा. अंबरखान्याला सपाटी आहे, आजोबा आरामात फिरतील, छतावरच्या जिन्याला मात्र नको, शेवाळ असतं. अंधार बावेत पहिल्या टप्प्यापर्यंत न्या, पुढं पोरगा आणि तुम्ही. सज्जा कोठीला गाडी जवळपर्यंत जाते, वरनं जोतिबाचा डोंगर दिसतो, धुकं नसेल तर. १६८० च्या जानेवारीत शिवाजी महाराज आणि संभाजीराजे पन्हाळ्यावर भेटले ती शेवटचीच भेट, एप्रिलमध्ये महाराज गेले. हे आजोबांना सांगायची गरज नाही, त्यांना माहीत असणार, त्यांना नुसतं तिथं बसू द्या.

आणि जाताना पंचगंगेचं पाणी बघून निघा. केर्लीच्या तिथं रस्त्यावर पाणी आलं की आल्या पावली परत.

गडावरचा
ताईंनी सगळं बरोबर सांगितलंय. २०२१ च्या पावसात तर रस्ताच खचला होता, कित्येक दिवस आम्हीच वेढ्यात. गॅसची टाकी डोक्यावरनं आणलीय मी.

तांबडा_पांढरा
बघा, अंबरखाना चालू ठेवला असता तर ही वेळ आली नसती.

रंकाळा_रिटर्न
मंडळी, जाऊन आलो. काल. उशीर झाला लिहायला, पाहुणे आज सकाळी गेले.

दगडोबांच्या क्रमानं गेलो. सुरुवातीला पोराला एवढंच सांगितलं की आपण अडकलोय, खाली फौज आहे. त्यानं लगेच विचारलं, मोबाईलला रेंज आहे का. नाही म्हटलं.

अंधार बावेत आजोबा ताईंनी सांगितलं त्याच्या पण पुढं गेले, ऐकेनात. जिन्याच्या वळणावर गुडघ्यानं दगा दिला आणि ते भिंतीतल्या कोनाड्यात बसले. पाठ टेकली, पाय बरोबर आत बसले, हाताशी काठी. म्हणाले, "माणसाच्या मापानं केलेलं आहे रे हे, बस म्हणून." दहा मिनिटं बसले तिथंच. वरनं येणारे लोक दचकायचे, अंधारात पांढरी टोपी दिसायची. एका बाईनं तर नमस्कार केला. पोरगा खाली पाण्यापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला पाण्यात चार बाटल्या आणि वेफर्सचा पुडा आहे. विष कालवायची गरजच उरली नाही म्हणा.

गंगा कोठीत मान वर केली. शंभर चकरांत पहिल्यांदा. पोरानं आवाज दिला, तो घुमून परत आला, मग त्यानं सोळाच्या सोळा खणांत जाऊन आवाज दिला, साडू वैतागला. आजोबा खंडीचे किलो करत बसले, त्यांच्याकडचा मण वेगळा निघाला, दगडोबा तुम्ही सांगितलेलंच होतं.

तीन दरवाजात गणपती सापडला, ताई थँक्यू. राजदिंडीला धुकं होतं, खालचं काही दिसत नव्हतं. पायपीटनी सांगितलेलं सगळं सांगितलं, दोन पालख्या निघाल्या, एकीत महाराज, दुसरीत महाराजांचा वेष घेतलेले शिवा काशीद. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग विचारतोय, "काका, दुसऱ्या पालखीतल्याला माहीत होतं का, आपल्याला पकडणार म्हणून?" साडूनं माझ्याकडं बघितलं, मी आजोबांकडं. आजोबा म्हणाले, "माहीत होतं." मग परत येताना नेबापूरला गाडी थांबवली, त्यांच्या समाधीपाशी. ठरलेलं नव्हतं.

झुणका-भाकरी दुपारी तीनला खाल्ली, खर्डा लई झणझणीत, नागपूरकर पण गप. अमात्यांची समाधी राहिली मास्तर, पाऊस सुरू झाला. रेडेमहालपण राहिला.

आणि हो, गडावरचा दादा, एक काम होतं. आजोबांची छत्री विसरली, काळी, लाकडी मुठीची, अंधार बावेत नाहीतर तीन दरवाजाच्या पायरीवर. जुनी आहे, पण त्यांची आहे. दिसली तर सांगा.

भगवा_वारा
पोराचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला.

पेठेतला_गडी
ते पांढरी टोपीवाले तुमचे पाहुणे होते होय! माझ्या बहिणीनं नमस्कार केलाय त्यांना, घरी येऊन सांगत होती, विहिरीत कुणीतरी साधू बसलेत म्हणून.

तांबडा_पांढरा
😂😂😂 पुढच्या वर्षी तिथं दानपेटी दिसंल बघा.

गडावरचा
छत्री कोनाड्यातच होती. तीन दरवाजाजवळच्या कणीसवालीकडं ठेवलीय, माझं नाव सांगा. रविवार सोडून कधी पण या.